भैयाजींचा बसलेला आवाज

गाव माझ्या नवऱ्याला भैयाजी म्हणतं. घरात मला तसं म्हणायची सोय नाही, पण लिहिताना कोण अडवतंय, म्हणून इथे मीही भैयाजीच म्हणणार. मी सुगंधा. धानोऱ्याजवळच्या आमच्या गावात अंगणवाडी चालवते. पोरांवर ओरडून ओरडून माझा आवाज कधीच फाटला, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. भैयाजींचा आवाज बसला तेव्हा मात्र अर्धा तालुका हळहळला.

कारण भैयाजी मंगलाष्टकं म्हणतात. पोटाचा धंदा धानाचा, हे आपलं हौसेचं. पण लग्नाची तारीख काढताना आधी भटजींना आणि लगेच भैयाजींना विचारायचं, अशी आमच्याकडे रीतच पडली होती. छापील मंगलाष्टकं ते म्हणत नाहीत. नवरानवरीची नावं, दोन्ही गावं, आईबाप, मामा, कुणाच्या विहिरीला नुकतंच पाणी लागलं असेल तर ती विहीरसुद्धा, सगळं ते चालीत गुंफतात. आणि शेवटची ओळ अशी काही उचलतात, की अक्षता घेतलेल्या मुठी वरच्या वर थांबून राहतात. त्यांच्या ‘सावधान’च्या आधी कुणी एक दाणा टाकलेला मी पाहिला नाही. त्यामुळे माणूस जरा चढलेला होता, हेही सांगते. जेवताना मीठ मागायचं तेही सुरात.

दोन पावसाळ्यांमागे त्यांना ताप आला. मेंदूला सूज आली आणि झटके सुरू झाले. झटका येतो आणि जातो, एवढंच मला माहीत होतं. हा आला तो जायचं नावच घेईना. गडचिरोलीहून नागपूरला नेलं. औषध दिलं की जरा दबायचा, औषध ओसरलं की पुन्हा डोकं वर काढायचा. शेवटी डॉक्टरांनी त्यांना औषधानेच गाढ झोपवलं आणि नळीतून श्वास दिला. झोप हलकी करून पाहिली की आधी डाव्या हाताचा अंगठा उडायचा, मग सगळं अंग. आठवड्यांमागून आठवडे हेच. मी काचेबाहेर उभी राहून त्या अंगठ्याकडे बघायची आणि देवाला शिव्या द्यायची. पाया पडून झालं होतं, दुसरं काय करणार?

तिथल्या डॉक्टर फरहत मूळच्या चंद्रपूरच्या. वयाने माझ्या लेकीपेक्षा, दिव्यानीपेक्षा, थोड्या मोठ्या, पण बोलणं एकदम सरळ. एका दुपारी मला बाजूला बसवून म्हणाल्या, “काकू, औषधं तं सगळी देऊन पाह्यली. आता एक मशीन बसवून पाहू. छातीत कातडीखाली एक छोटीशी डबी राहीन. तिची तार मानेतल्या नसेले जोडायची. ती नस वर मेंदूत जाते. मशीन थोड्या थोड्या वेळानं जराशी वीज देते, त्यानं मेंदू शांत होऊ शकते.”

“होईन ना जी?”

“होईनच असं मी म्हणत नाई. पण आता याच्याशिवाय दुसरं काही माह्या हातात नाई.”

मी अंगठा उठवायची नाही, सही करते. त्या दिवशी संमतीच्या कागदावर केलेली सही मात्र दुसऱ्याच कुणाची वाटली.

चमत्कार वगैरे झाला नाही. मशीन बसवली आणि हळूहळू तिची ताकद वाढवत नेली, झोपेचं औषध थेंबाथेंबाने उतरवत नेलं. दर वेळी मी अंगठ्याकडे बघत बसायची. एकदा जरासा हलला, पुढे तेवढाही नाही. मग एका सकाळी भैयाजींनी डोळे उघडले. चार-पाच दिवसांनी नळी निघाली आणि मला बघून ते म्हणाले, “दिव्यानी कुठी आहे?” मला रडू फुटलं. आणि रडतारडताच लक्षात आलं, की हा आवाज ह्यांचा नाही.

डॉक्टर फरहतनी समजावलं. नळीने बसलेला आवाज सुधारेल. पण मशीन अर्धं मिनिट चालते आणि पाच मिनिटं थांबते, आणि चालू असते तेवढा वेळ आवाज घोगरा होणार. त्याच नसेची एक फांदी घशाकडे जाते, म्हणून.

“अर्धं मिनिट काम अन् पाच मिनिटं आराम!” भैयाजी म्हणाले. “सरकारी हापिसातली दिसते.”

नर्सही हसल्या. माणूस परत आला, हे मला तेव्हा खरं वाटलं.

निघताना डॉक्टरांनी मनगटावर बांधायचं एक चुंबक दिलं, घड्याळासारखं. झटका येतोयसं वाटलं की ते छातीवरच्या डबीवरून एकदा फिरवायचं आणि लगेच बाजूला घ्यायचं. मशीन जास्तीचा जोर देते आणि झटका तिथेच मोडू शकतो. “पण ते तिथंच धरून ठेवलं, तं मशीन बंद राह्यते,” असंही त्यांनी सांगितलं. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. पहिली गोष्ट आमच्यासोबत गावी आली. दुसरी नागपुरातच राहिली.

घरी सगळं ठीक होतं. गोळ्या चालू, मशीन चालू, वर्षभरात एक-दोनदा चुंबक फिरवावं लागलं तेवढंच. मला आणखी काही नको होतं. शेतात जाणारा, जेवणारा, वेळेवर भांडणारा नवरा मिळाला होता. पण भैयाजींनी गाणं सोडलं. कुणी लग्नाचं आमंत्रण घेऊन आलं की म्हणायचे, “दुसरा पाह्य रे बापा. मधातच आवाज बसला तं तुह्या पोरीचं लगन खराब होईन.” आणि मग दिवसभर गोठ्यात बैलांशी बोलत बसायचे. बैलांना बसलेल्या आवाजाचं काही वाटत नाही.

अशातच आमच्या दिव्यानीचं लग्न जमलं. मुलगा वरोऱ्याचा, प्रफुल. ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे, मुलगा शांत आहे, आमच्या पोरीपुढे शांतच हवा. वैशाखातली तारीख निघाली. भैयाजींनी जाहीर करून टाकलं, की मंगलाष्टकं दुसऱ्या कुणाला तरी सांगू.

दिव्यानी तिथल्या तिथे म्हणाली, “बाबा, साऱ्या जगाच्या पोरींचं तुमी म्हटलं. माह्या टायमाले दुसरा कोणी उभा राह्यला, तं मी अंतरपाटामागं उभीच राहात नाई.”

ती बोलली ते करणारी आहे. माझीच लेक. भैयाजी उठून बाहेर निघून गेले. त्यांना गायचं होतं, जीव तुटत होता, हे मला दिसत होतं. पण आपल्याच लेकीच्या मांडवात हसं होईल, याची धास्ती त्याहून मोठी होती.

चैत्रात आमच्याकडे उजाडताच सगळी मोहाच्या झाडाखाली. रात्रभर गळलेली फुलं ऊन चढायच्या आत वेचायची. तिथे वाकून वेचताना भैयाजींच्या मनगटाचा पट्टा तुटला आणि चुंबक पाचोळ्यात गेलं. आम्ही सगळे झाडाखाली रांगतोय, सापडेना. शेवटी दिव्यानीने विळा पाचोळ्यातून ओढत नेला आणि चुंबक कट्कन त्याला येऊन चिकटलं. तेवढ्यात माझा जीव अर्धा झाला होता.

भैयाजींची थोरली बहीण, रुखमाबाई, आमच्यातच राहतात. त्या नुकत्याच चंद्रपूरहून महाकालीची यात्रा करून आल्या होत्या. घरी आल्या आल्या त्यांनी सुईदोरा काढला. भैयाजींच्या बंडीला आत, डाव्या छातीवर, बरोबर मशीनच्या जागी एक खिसा शिवला. त्यात एका बाजूला देवीचा अंगारा, दुसऱ्या बाजूला चुंबक, आणि वरून टाका. धुवायची बंडी बदलली की खिसा उसवून दुसऱ्या बंडीला.

“मनगटात कायले पाह्यजे?” त्या म्हणाल्या. “कपाळ दुखलं तं बाम पायाले लावतेत का? जिथी मशीन, तिथी तिचं औषध!”

बोलणं असं बिनतोड, की आम्हा सगळ्यांना पटलं. घरात बारावी झालेली दिव्यानी होती, अंगणवाडीत पोषणाचे तक्ते समजावून सांगणारी मी होते. एकीलाही शंका आली नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी भैयाजींचा आवाज परत आला.

बैलांना हाक मारली ती खणखणीत. पाच मिनिटं गेली, दहा गेली, आवाज बसेचना. भैयाजी अंगणात येऊन उभे राहिले, डोळे मिटले आणि एक अख्खं कडवं म्हटलं, कुठेही न अडखळता. शेजारीपाजारी जमले. रुखमाबाईंनी तिथेच देवीला हात जोडले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच इतके दिवस तो आवाज दडवून ठेवला होता. त्या दिवशी आमच्याकडे पुरणपोळी झाली. पुढचे दिवस तर विचारू नका. वही नाही की पेन नाही, भैयाजी नांगरामागे चालता चालता दिव्यानीची मंगलाष्टकं रचायचे आणि संध्याकाळी आम्हाला बसवून ऐकवायचे. वरोऱ्याचा बाजार आला, वैनगंगा आली, आमचा मोह आला. मला वाटलं, आता काही मागायचं राहिलं नाही.

मग एकदा ऐकवता ऐकवता ते मध्येच थांबले. नजर भिंतीवर, ओठ नुसते हलतायत. घोट घ्यायला लागेल तेवढा वेळ, आणि पुन्हा पुढची ओळ. “मस्करी करून राह्यले बाबा,” दिव्यानी म्हणाली. दोन दिवसांनी जेवताना घास हातात राहिला. मी विचारलं तर म्हणाले, चाल आठवत होतो.

मांडवाचे खांब रोवायला माणसं आली होती, त्या दुपारी ते अंगणात उभे होते आणि मला त्यांचा डावा अंगठा उडताना दिसला. मी ओरडले. तोवर ते खाली कोसळले होते आणि सगळं अंग झटके देत होतं. काचेबाहेरचे ते आठवडे माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. हा झटका पण जाणार नाही, हा पण येऊन बसणार, एवढंच डोक्यात. मी बंडी फाडली, टाका तोडून चुंबक उपसलं, मशीनवरून फिरवलं आणि बाजूला फेकलं. दिव्यानीने त्यांना कुशीवर केलं. आम्ही वाट बघत राहिलो. झटका हळूहळू ओसरला, अंगठा शेवटी थांबला.

भैयाजींनी डोळे उघडले, पाणी मागितलं. आवाज घोगरा.

मी तशीच डॉक्टर फरहतना फोन लावला. त्यांनी गोळ्या विचारल्या, ताप विचारला, झोप विचारली. सगळं बरोबर होतं. मग म्हणाल्या, “चुंबक कुठी ठेवता, काकू?”

मी सांगितलं.

“छातीवर? मशीनवरच? केव्हापासून?”

“यात्रेपासून. पण डॉक्टरीणबाई, देवीच्या किरपेनं आवाज तं एकदम मस्त झाला होता ना!”

“आवाज मस्त झाला, कारण मशीन बंद होती, काकू! चुंबक तिथं आहे तोवर ती बंदच राह्यते. मी सांगतलं होतं तुमाले!” मग म्हणाल्या, “आवाज बसते, तेवढा वेळ ती काम करून राह्यली, असं समजा.”

फोन स्पीकरवर होता. रुखमाबाई उठून आत गेल्या आणि जेवायलाही बाहेर येईनात. त्यांना कुणी बोललं नाही, मीसुद्धा नाही, आणि न बोलणं मला किती जड जातं ते घरात विचारा. देवीचा तर काहीच दोष नाही. तिला बिचारीला चुंबकाशेजारी नेऊन शिवलं, ती काय करणार? संध्याकाळी भैयाजींनीच बहिणीला हाक मारली, “बाई, खिसा चांगला शिवला होता व तू. आता त्यात तंबाखू ठेवीन.” तेव्हा कुठे त्या जेवल्या.

चुंबक नव्या पट्ट्यावर पुन्हा मनगटाला लागलं. आवाज पुन्हा बसू लागला. पण आता भैयाजींना गुपित कळलं होतं. त्यांनी डॉक्टरांना स्वतः फोन केला. मंगलाष्टकांपुरतं चुंबक छातीवर धरलं तर चालेल का? डॉक्टर म्हणाल्या, तेवढा थोडा वेळ चालेल, गाणारी माणसं तसं करतात, झालं की लगेच काढा.

मी म्हटलं, चालणार नाही. ते म्हणाले, डॉक्टर हो म्हणतात. मी म्हटलं, डॉक्टर नागपुरात, खाली पडणार तुमी इथी. लग्न तोंडावर आलेलं, पाहुण्यांना पत्रिका वाटतोय आणि घराघरांतून चहा पिऊन बाहेर पडलो की रस्त्यात हेच भांडण.

“आयुष्यभर लोकायच्या पोरींसाठी चांगला आवाज,” एकदा ते म्हणाले, “अन् माह्या पोरीसाठी हा फुटका?” मी जोरात म्हटलं, “नाई म्हटलं ना!” आणि चुंबक माझ्या मनगटावर बांधून घेतलं.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव भरला, वरोऱ्याची मंडळी आली, अंतरपाट धरला. एका बाजूला प्रफुल, दुसऱ्या बाजूला आमची दिव्यानी. भटजींनी आपलं म्हटलं आणि माईक भैयाजींकडे दिला. लांबलांबची माणसं खास त्यांना ऐकायला आली होती. ते उभे राहिले आणि मला त्यांचा चेहरा दिसला. एवढं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, दवाखान्यातसुद्धा नाही.

माझा सगळा हट्ट तिथेच गळाला. मी माणसांतून वाट काढत गेले, मनगटावरचं चुंबक सोडलं आणि त्यांच्यापुढे धरलं. “घ्या. थोड्या वेळात काई होत नाई.”

“तुले भेव लागते ना?”

“लागते. तं लागू द्या.”

त्यांनी माझी मूठ चुंबकासकट बंद केली. “राहू दे तुह्याजवळच. मी हे लावलं, तं तू सारा वेळ माह्या अंगठ्याकडं पाहात राह्यशीन. मंग लेकीकडं कोण पाहीन?”

आणि त्यांनी सुरुवात केली.

पहिलं कडवं लख्ख गेलं. दुसऱ्याच्या मध्यावर मशीन चालू झाली, आवाज घोगरला, चिरकला. ते थांबले नाहीत, तसेच म्हणत राहिले. मी डोळे मिटून घेतले, आता लोक हसणार. हसलं कुणीच नाही. मागून प्रफुलच्या मावशीचा आवाज आला, “बाप आहे व शेवटी. गळा दाटून आला पाह्य.” बायकांचे पदर डोळ्यांना लागले. पुरुष मांडवाच्या छताकडे बघायला लागले. अंतरपाटाच्या अलीकडे दिव्यानी खाली मान घालून हसत होती, कारण तिला माहीत होतं. मलाही हसू आलं. अर्ध्या मिनिटाने आवाज मोकळा झाला आणि तिसरं कडवं खणखणीत लागलं. तोवर अख्खा मांडव रडत होता.

शेवटच्या कडव्यात दिव्यानीचं नाव होतं. तिचं लहानपण, तिचा हट्टीपणा, आणि आता आमच्या मोहाखाली तिची टोपली दिसणार नाही, असं. त्यातच पुन्हा आवाज बसला. सवयीने मी मनात वेळ धरला. दीड वर्ष तेच ऐकत आले होते, मला घड्याळ लागत नाही. अर्धं मिनिट संपलं. आता आवाज येईल. भैयाजी ‘शुभमंगल’पर्यंत आले, आणि पुढे काहीच नाही. तोंड उघडं, आवाज नाही. मुठी वर थांबलेल्या.

मी अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा माईकवर घट्ट, जरासुद्धा हलत नव्हता. मग मी वर पाहिलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते लेकीकडे बघत होते.

“आई, तू म्हण ना व!” दिव्यानी कळवळून म्हणाली.

मी माईककडे तोंड नेलं आणि अंगणवाडीतल्या आवाजात ओरडले, “सावधान!” अक्षता कोसळल्या, वाजंत्री सुटली, आणि भैयाजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “सूर चुकला तुहा.”

आता त्यांना सगळीकडून बोलावणी येतात, आणि ते जातात. त्यांच्या घोगऱ्या ओळीवर बायका हमखास रडतात, आणि माणूस पुन्हा जरा चढला आहे. दिव्यानीच्या लग्नाचा विषय निघाला की ते सगळ्यांना सांगतात, तेव्हा शेवटी मशीनच चालू झाली होती म्हणून. मी मध्ये बोलत नाही. मशीन केव्हाच थांबली होती, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही.